पिशवीच्या तोंडाचा कर्करोग : रिपोर्टवरचा प्रकार विचारा

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग म्हटले की तो एकच आजार वाटतो. तसे नाही. बहुतेक जणींना ‘स्क्वॅमस’ प्रकार होतो, त्याहून कमी जणींना ‘ॲडिनोकार्सिनोमा’. शंभरात जेमतेम एक-दोघींना ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन’ हा दुर्मीळ प्रकार होतो. नाव अवघड आहे, पण रिपोर्टवर ते असेल तर ओळखता आले पाहिजे, कारण त्याचे उपचार वेगळे आहेत.

हा प्रकार झपाट्याने वाढतो. गाठ लहान असतानाच तो रक्तातून फुप्फुसात, यकृतात, हाडांत पोचू शकतो. म्हणून नुसते ऑपरेशन किंवा नुसता शेक पुरत नाही. गाठ लहान असेल तर सहसा ऑपरेशन आणि नंतर केमो देतात. मोठी असेल तर केमो आणि शेक दोन्ही. केमोत बहुधा सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही औषधे असतात. धोका मोठा आहे, हे लपवून उपयोग नाही. पाच वर्षांनी साधारण तीनपैकी एक रुग्ण हयात असते. लवकर सापडून उपचार पूर्ण झाले तर आशा वाढते.

हा प्रकारही बहुधा एचपीव्ही विषाणूमुळेच होतो. या विषाणूची तपासणी किती कामाची, हे जगाला दाखवले आपल्याच जिल्ह्याने. 1999 पासून इथल्या गावांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचा अभ्यास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर केला. 2009 मध्ये निष्कर्ष आला : तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने 64 जणी दगावल्या, एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात 34. आपल्या आया-बहिणींनी जगाला दिलेले हे ज्ञान आपल्या वस्तीतही वापरले गेले पाहिजे.

मात्र दुर्मीळ प्रकार दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही वाढू शकतो. म्हणून हे लक्षात ठेवा :

• संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्त जाणे, अंगावरून वास येणारे पाणी जाणे, ही लक्षणे लपवू नका.

• तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढून घेऊ नका. आत कर्करोग असेल तर पुढचे उपचार अवघड होतात.

• दुर्मीळ प्रकार निघाला तर स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या आणि कर्करोग रुग्णालयात पुन्हा तपासून घ्या.

• खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

• 9 ते 14 वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. ज्या ताई-मावशी दुखणे अंगावर काढतात, त्यांच्यासोबत एकीने तरी दवाखान्यात जावे.