तिरकं भोक, फुगलेलं सोनं

टाकवे बुद्रुकला बोअर मारतात तो सरळ उभा. आधी मुरूम निघतो, मग काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी, मधेच एखादा तांबूस पट्टा. किती फुटांवर काय लागलं, हे शेतकऱ्याच्या लक्षात राहतं. आंदर मावळात हा हिशेब बरोबर येतो, कारण लाव्हाचे थर इथे जवळजवळ आडवे आहेत. उभं भोक त्यांना काटकोनात छेदतं, म्हणून भोकात मोजली तीच थराची जाडी.

सोन्याची शीर मात्र बहुधा उभी किंवा तिरकी असते. कोलारची चॅम्पियन शीर अशीच खोल उतरत गेली आणि तिच्यामागे खाण तीन किलोमीटरच्याही खाली पोहोचली. समजा शीर २ मीटर जाडीची आहे. भोक तिला ३० अंशांत छेदून गेलं, तर सोन्याचा दगड ४ मीटर लागतो. कोन १० अंशांवर आला, की तोच दगड साडेअकरा मीटर भरतो! दगड खरा, तपासणी खरी, टनाला इतके ग्रॅम हेही खरं. फुगते ती फक्त जाडी, आणि खाणकंपनीचा शेअर घेणारा नेमकी तीच वाचतो.

गेल्या तीस वर्षांत गाजली ती मात्र उघड लबाडी. १९९७ मध्ये कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीचं इंडोनेशियातलं बुसांगचं सोन्याचं प्रकरण कोसळलं. तिथे नमुन्यांतच बाहेरून सोनं मिसळलं होतं. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने खाणकंपन्यांच्या जाहीर माहितीसाठी कडक नियम आणला. अशाच माहितीसाठी असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेची २०१२ची आवृत्ती तर स्पष्टच सांगते: खरी जाडी ठाऊक नसेल, तर तसं लिहा. आपल्याकडे फेब्रुवारी २०२०मध्ये सोनभद्रला ३,००० टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला, तेव्हा अंदाज निघाला सुमारे १६० किलोंचा. तिथे प्रश्न कोनाचा नव्हता, पण आकडा ऐकताच धावायची आपली सवय तीच.

मला कोनाची फसगत जास्त घातक वाटते, कारण तिच्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. सुरुवातीला शीर कुठे कलते हे माहीत नसतं, त्यामुळे पहिली भोकं चुकीच्या कोनात जाणं साहजिक आहे. पण कल कळल्यावरही लांबलचक आकडाच मिरवला, तर त्याला मी अज्ञान म्हणणार नाही.

विदर्भात साकोली पट्ट्यात परसोडीला सोन्याच्या खुणा सापडलेल्या आहेत. उद्या तिथल्या किंवा आणखी कुठल्या ड्रिलिंगचे मीटर वाचून जमिनीचे पैसे शेअरमध्ये घालणार असाल, तर आधी विचारा: ही भोकातली लांबी की शिरेची खरी जाडी? उत्तर लेखी मिळेपर्यंत पैसे बँकेतच राहू द्या.