उभी बोट आधी आतून सडते

नाशिककर गोदावरीला आजही गंगाच म्हणतात. या गंगेवर, शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरण आहे. ते पूर्ण भरलं की त्यात सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी साठतं. शहराच्या नळांना येणारं बरंचसं पाणी इथलंच, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोटक्लबही याच काठावर. या क्लबसाठी घेतलेल्या बोटी पाण्यात उतरण्याआधी बराच काळ नुसत्या पडून होत्या, हे नाशिकच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. अशा पडून राहिलेल्या मोटरबोटीचं करायचं काय, हा प्रश्न एका क्लबपुरता नाही. धरणाकाठच्या रिसॉर्टच्या मागे, एखाद्या शेतघराच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या बोटींनाही तो लागू आहे. माझं मत असं, की फायबरची जुनी बोट बहुतेक वेळा वाचवण्याजोगी असते. मात्र दुरुस्तीला आतून सुरुवात करायला हवी, चकाकीचं काम सर्वांत शेवटी घ्यायला हवं आणि इंजिनाचा निवाडा बोटीपासून वेगळा करायला हवा.

फायबरवर इतका भरवसा ठेवावा का? अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काचतंतूंच्या चाळीस फुटी गस्तीनौका वापरात आणल्या. त्यांतल्या १९५२ साली बांधलेल्या एका नौकेचे तुकडे कापून १९६२ आणि पुन्हा १९७२ साली प्रयोगशाळेत तपासले गेले. वीस वर्षं पाण्यात काढूनही त्या थरांची ताकद लक्षणीय घटलेली नव्हती. त्या नौका भरभक्कम जाडीच्या होत्या हे खरं, आणि सहलीच्या हलक्या बोटीला तोच हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. पण राळेत घट्ट बसलेले काचतंतू केवळ वयामुळे कुजत नाहीत, एवढं त्यातून नक्की समजतं. कुजतं ते त्यांच्या आत दडलेलं लाकूड. अनेक जुन्या बोटींत इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेलं असतं, ती फळी आणि तळातले आडवे-उभे वासे प्लायवुडचे असून वरून फायबरने मढवलेले असतात. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून बोट धडधाकट दिसते आणि आत लाकडाचा भुगा होत असतो.

म्हणून धुण्या-पुसण्याआधी ठोकून पाहावं. लाकडी किंवा प्लास्टिकच्या लहान हातोडीने मागची फळी आणि तळ इंचाइंचाने ठोकावा. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक; भद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा लाकूड ओलं आहे. इंजिन थोडं वर उचलून त्यावर अंगाचा भार द्यावा. फळी हलली किंवा तिच्या कडेला बारीक चीर उघडली, तर बाकी सगळं काम थांबवून आधी ती फळी नवी घालावी लागते. तरंगण्यासाठी तळात भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असू शकतो. तो उन्हात वाळेल अशी आशा धरू नये, काढूनच टाकावा. हे काम किचकट आहे, पण परकं नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी नाशिकला फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक यांच्या पिढ्या दिल्या आहेत. त्यांच्या हाताला बोटीची सवय नसेल, पण यंत्र उघडून दोष शोधण्याची आहे.

इंजिनाच्या बाबतीत उलटं घडतं. ते वापराने जेवढं झिजतं, त्याहून जास्त उभं राहून बिघडतं. बोटीच्या मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन थंड राहतं ते तलावाचंच पाणी वर ओढून, आणि ते ओढणाऱ्या पंपात रबरी पाती असतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून राहिली की ती ताठर होतात, तडकतात. अशा इंजिनाला कोरड्यावर चावी मारून ‘चालतंय का बघू’ म्हणणं म्हणजे काही क्षणांत पंप आणि पाठोपाठ इंजिनही गमावणं. आधी पाती बदलावीत, मग इंजिनाला पाणी पुरवूनच ते सुरू करावं. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून पाहावं; ते दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे आणि पाणी आत शिरलंय. टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच ओढते. तडकलेल्या नळ्या बदलण्यात काटकसर करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळात साचते आणि मग एक ठिणगी पुरते.

हे सगळं पार पडल्यावर चकाकीची पाळी. फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हाने तो खडूसारखा होतो; हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. पॉलिशचं कंपाउंड ही मेलेली त्वचा खरवडून काढतं, म्हणजे दर खेपेला तो थर थोडा पातळच होतो. नवेपणाच्या हौसेने मशीन जोरात दाबलं आणि तंतू उघडे पडले, तर पाण्याला आत शिरायला नवी वाट मिळाली. तेव्हा सौम्य साबण, मग कमीत कमी कंपाउंड, वर मेणाचा थर आणि त्यानंतर सावली, एवढं पुरे. आणि हे सगळं काठापासून दूर, जमिनीवर करावं. डाग काढण्याच्या आम्लाचा ओघळ पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये.

इथे एक रास्त आक्षेप समोर येतो. ज्या पाण्यावर शहर जगतं, त्यात जुन्या मोटरबोटी पुन्हा सोडायच्याच कशाला? आक्षेप बोटीच्या अंगाला लागू नाही, पण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला पुरता लागू आहे. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात साधारण पाव भाग इंधन न जळताच धुराबरोबर पाण्यात जातं. अमेरिकेतल्या लेक टाहो सरोवरावर अशा इंजिनांना १९९९ सालीच बंदी आली. म्हणून गंगापूरसारख्या जलाशयावर असं इंजिन, ते कितीही उत्तम दुरुस्त झालं तरी, परत बसवू नये. त्याच बोटीला फोर-स्ट्रोक किंवा, छोट्या फेऱ्यांसाठी, विजेची मोटर लावता येते. मग सरळ नवीनच बोट का घेऊ नये, असं कोणी म्हणेल. पैशाचा हिशेब कधी नव्या बोटीच्या बाजूने लागेलही. तळातले वासे सगळेच गेले असतील तर मीही दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. पण टाकून दिलेली फायबरची बोट कुजून मातीला मिळत नाही, वितळवून तिचं दुसरं काही होत नाही. ती काठावरच तुकड्यातुकड्याने फुटत राहते, आणि ते तुकडे शेवटी पाण्यातच येतात.

जुनी बोट धोक्याची, असंही म्हटलं जातं. धोका वयात नसून न तपासण्यात आहे, आणि तपासणी मालकाच्या मर्जीवर सोडलेलीही नाही. १९१७चा जुना कायदा जाऊन आलेल्या २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींच्या सर्वेक्षणाची आणि नोंदणीची तरतूद आहे. ते झाल्याशिवाय प्रवासी बसवू नयेत, आणि प्रत्येक माणसाच्या अंगावर लाइफ जॅकेट असल्याशिवाय दोरी सोडू नये.

तुमच्याकडे किंवा ओळखीत अशी झाकून ठेवलेली बोट असेल, तर निदान पाऊस लागण्याआधी एवढं तरी करा: तिची पुढची बाजू उंच करा, मागचं बूच काढा आणि टाकीतलं पेट्रोल उपसून घ्या.