आज कुणी नवीन आलंय का?

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे शहर. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन एक व्यवहार फसल्यामुळे तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात एकटा पडला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलातल्या बारमधून गप्पांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. पाय तिकडे वळायच्या आत त्याने टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला. या गावातल्या एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय, अशी त्याची मागणी.

त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेले डॉक्टर रात्री अकरानंतर उठले. उपदेश त्यांनी उदंड ऐकले होते. समोर बसून स्वतःचीच दैना सांगणारा माणूस मात्र नवा होता. डॉक्टर त्यानंतरही एकदा प्यायले. शेवटचा घोट १० जून १९३५ चा. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, स्वतःचा स्थापनादिन मानते.

या गोष्टीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती विल्सनची गरज. स्वतः न पिता राहायचं तर त्याला दुसरा पिणारा हवा होता. आजही एएच्या मिटिंगमध्ये सूत्रसंचालक विचारतो, ‘आज कुणी नवीन आलंय का?’ तेव्हा वीस वर्षं न प्यायलेली माणसंही मान वळवून बघतात. आपण कुठून आलो हे त्यांना त्या नवख्याच्या थरथरत्या हातांत दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे मनात ठेवून जावं. तो तिथे कुणावर ओझं होऊन जात नाही.

भारतात एए १९५७ साली आली. चर्चची खोली, शाळेचा वर्ग, एखादा लहान हॉल, जिथे जागा मिळेल तिथे मिटिंग भरते. तास-दीड तास चालते. नाव नोंदवावं लागत नाही, फी नाही. पहिलं नाव सांगितलं तरी पुरे. सदस्य व्हायला एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. एकेक जण उठतो, ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं. खर्च सदस्यांच्याच वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी घेत नाहीत. ‘क्लोज्ड’ मिटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. ‘ओपन’ मिटिंगला बायको, भाऊ, मित्र, कुणीही येऊ शकतं. बिचकणाऱ्याने सोबत कुणाला घेऊन ओपन मिटिंगपासून सुरुवात करावी.

एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो आणि तिथे बरेच जण अडतात. सुरुवातीच्या सदस्यांतही नास्तिक होते. ‘आपल्याला जसा उमगला तसा’ ही जोड तेव्हापासून आहे. काही जण समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात आणि पुढे जातात.

याचा उपयोग होतो का? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक माणसांचा आढावा घेतला. एएकडे वळवणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, इतर उपचारांनंतर ३५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं वर्षभरात पुन्हा कधीतरी प्यायलीच. मिटिंगच्या भाषेत याला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप झालेल्याने तोंड लपवून घरी बसू नये. त्याच खोलीत परत यावं. तिथे त्याला लाज वाटायला लावणारं कुणी नसतं, कारण बहुतेकांनी ते भोगलेलं असतं.

एक गोष्ट मिटिंगने होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर कंप, फिट, भ्रम होऊ शकतात. ते जिवावर बेतू शकतं. त्यासाठी आधी डॉक्टरच हवा.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टर आणि मिटिंग ही दोन्ही टोकं जोडलेली दिसतात. ब्राउन शुगरच्या व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे हेलावले, त्यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने केंद्र उभं राहिलं. इथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. उपचार संपल्यावर गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका असतात. एएची असो वा पाठपुराव्याची, घरापासून बसने जाता येईल अशी बैठक निवडावी. लांबची बैठक पावसाळ्यात सुटते. पत्ता एएच्या हेल्पलाइनवर, संकेतस्थळावर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मिळतो. पहिली मिटिंग पटली नाही तर दुसऱ्या गटात जावं, प्रत्येक खोलीची माणसं वेगळी असतात. गावात गट नसेल तर ऑनलाइन मिटिंगा आहेत.

आणि नवरा यायलाच तयार नसेल तर? बिलची बायको लोइस हिने १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू केलं. मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे बाईला नवऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. तो पीत असतानाही ती जाऊ शकते, या आठवड्यातच.