वकिलांचे पत्रक आणि ४५ दिवसांची मुदत

नवे वर्ष लागले की वकील व करसल्लागार आपल्या अशिलांना बदललेल्या कायद्यांचे पत्रक पाठवितात. बहुतेक जण ते न वाचताच फाईलला लावतात. बीड जिल्ह्यातील आम्हा कापड व्यापाऱ्यांना मात्र त्यातला एक नियम वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

२०२३ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात ४३-ब (एच) हे कलम घातले. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावयाचे. मुदत टळून ३१ मार्चला बाकी राहिली तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही व तिच्यावर कर बसतो. पैसे देऊ त्या वर्षी वजावट मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही हा नियम कायम आहे.

अडचण उघड आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे पुष्कळ यंत्रमागधारक लघु उद्योगात मोडतात. आमचे गिऱ्हाईक मात्र शेतकरी व ऊसतोड मजूर. कापूस विकल्यावर किंवा कारखान्याचा पट्टा पडून मजूर गावी परतल्यावरच उधारी वसूल होते.

तेव्हा व्यापारी बंधूंनी पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यावर निव्वळ व्यापारी अशी नोंद असेल तर ही मुदत सहसा लागत नाही. कारखानदाराशी लेखी करार करावा. मार्चपूर्वी त्याचीच बिले आधी फेडावीत. नफा कागदावरच राहील, कर मात्र रोखीने भरावा लागेल.