पद्माकर शिवलकर आणि कसोटी संघाचे बंद दार

दादरच्या शिवाजी पार्क जिमखान्याचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीच्या 124 सामन्यांतील 589 बळींची नोंद असूनही, भारताच्या कसोटी संघाच्या यादीत त्यांचे नाव एकदाही का आले नाही, हा प्रश्न मुंबईच्या क्रिकेटवर प्रेम करणाऱ्यांना आजही अस्वस्थ करतो. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात, तमिळनाडूविरुद्ध, चेपॉकच्या फिरकीला अनुकूल खेळपट्टीवर त्यांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 गडी टिपले. यापरते प्रमाणपत्र निवडसमितीला कोणते हवे होते?

कारण उघड आहे: 1966 पासून 1979 पर्यंत डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी संघात होते, आणि प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या फिरकीपटूंच्या सान्निध्यात दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीस जागा उरत नसे. 1974 साली बेंगळुरूच्या कसोटीतून बेदींना वगळले, तेव्हाही बोलावणे गेले हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना. तेही राखीवच राहिले. सुनील गावस्कर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या ग्रंथात शिवलकर आणि गोयल या दोघांनाही मानाचे स्थान दिले, ही दाद मला मोठी वाटते.

2017 साली भारतीय क्रिकेट मंडळाने शिवलकरांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. 3 मार्च 2025 रोजी ते निवर्तले. बेदींचे श्रेष्ठत्व निर्विवाद मानूनही माझे स्पष्ट मत असे, की फिरकीच्या खेळपट्टीवर दोन डावखुरे एकत्र खेळवण्याचे धाडस निवडसमितीने एकदा तरी करावयास हवे होते.