रोसजवळची दूर्वा

आमच्या घरामागे आता उरलेली जागा अकरा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. पूर्वी मोठे आवार होते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, घरावर मजला चढला, मोटारीसाठी सिमेंट ओतले गेले, आणि भिंतीलगतची ही पट्टी तेवढी मातीची राहिली. पेतीत रिव्हिएरच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांना हे वर्णन वाचून आपलेच अंगण आठवेल.

शिक्षिकेची सवय म्हणून मी या पट्टीचेही टाचण काढले. उद्दिष्ट, साहित्य, पायऱ्या आणि मूल्यमापन लिहिल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नये, असे आम्हांला प्रशिक्षणात बजावलेले. तेव्हा चौकटीच्या कागदावर तीन वाफे आखले. एकात पोम्दामूर, दुसऱ्यात वांगी, तिसऱ्यात कोथिंबीर आणि भिंतीवर सूसूचा वेल. सूसूची फळे हेन्रिएटाच्या नातलगांकडून कोंब फुटलेलीच आणली. तिकडे उंचावर, थंड हवेत आणि पावसात सूसू असा माजतो की मांडव वाकतो. आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या उन्हात तो डिसेंबरदेखील पाहू शकला नाही. वांग्याची रोपे दोन रात्रींत कुर्पांनी, म्हणजे त्या मुठीएवढ्या गोगलगायींनी, फस्त केली. कोथिंबीर उगवली, पण वाफ्यात नव्हे. जेथे आई धणे पाखडते त्या पायरीखाली.

आई म्हणाली, "अगं, तुझा कागद झाडांना वाचता येतो का?"

मला राग आला होता हे कबूल केले पाहिजे. मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीच नव्हते.

मात्र त्याच पट्टीत मी न लावलेले पुष्कळ काही उभे राहत होते. कढीपत्त्याने मुळांतून दोन हातांवर नवे धुमारे काढले. स्वयंपाकघरातल्या सालींबरोबर गेलेले पोम्दामूरचे बी नळाखाली रुजले. आणि रंगाच्या जुन्या बादलीत मिरचीचे एक रोप आले, ते कोंदेने पेरलेले. कोंदे म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मुलखातला शिपाई बुलबुल. तो या बेटावर १८९२ च्या सुमारास आणला गेला, म्हणजे आपल्या माणसांच्या मागाहूनच आला. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. ते फळ गिळतात आणि बी जेथे पडेल तेथे पडते. शेतकरी त्याला शिव्या देतात, त्यात खोटे काही नाही. पण ती मिरची मात्र फार झणझणीत निघाली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या रोसखाली, जेथे पाणी वाहून जाते, सिमेंटला एक लांब भेग आहे. त्या भेगेत दूर्वा येत असे. क्रेओलमध्ये तिला स्यांदां म्हणतात आणि तण समजून उपटतात. मीही तेच केले. २०२३ च्या जुलैत घराला रंग द्यायचा होता, म्हणून सुरी घेऊन ती भेग साफ खरवडली आणि वर क्लोरीनचे पाणी ओतले. स्वच्छता पाहून मला समाधान वाटले.

सप्टेंबरात गणपती आले. महाराष्ट्रात भाद्रपद म्हणजे पावसाने हिरवे झालेले रान. आपल्याकडे ते दिवस हिवाळ्याच्या शेवटाचे आणि पश्चिमेला कोरडे. मैदानातली दूर्वा पिवळी पडलेली. उसाच्या शेतांच्या कडेला थोडी हिरवी दिसली, पण तेथे तणनाशक मारलेले. ती देवाला कशी वाहावी? शेजारच्या एका बाईंनी कुंडीतल्या पाच काड्या दिल्या. एकवीस दूर्वांच्या जागी ताटात पाचच होत्या. आई काही बोलली नाही. आरतीच्या आधी तिने ताटाकडे एकदा पाहिले आणि मग रोसकडे पाहिले. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

१५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळ आले. आमचा शेवगा छातीएवढ्या उंचीवर मोडला. त्याचे लाकूडच ठिसूळ, पण फुटण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. काही आठवड्यांत बुंध्यावर कोवळे तुरे आले आणि ब्रेद मुरुमचा रस्सा पुन्हा भातावर पडू लागला. त्या पावसानंतरच एके सकाळी आईने हाक मारली. भेगेत दोन बोटे दूर्वा वर आली होती. तिचे कांडे जमिनीखाली खोल धावते. माझी सुरी तेथवर पोहोचलीच नव्हती.

तेव्हापासून साबणाचे पाणी आम्ही निराळ्या नळीने बाहेर काढतो आणि भेगेत तांदूळ व भाजी धुतलेलेच पाणी जाते. पुढच्या गणपतीला एकवीस काड्या तेथूनच निघाल्या, वर शेजारच्या बाईंना देण्यापुरत्या उरल्या.

टाचणातला एक नियम मी अजून सोडलेला नाही, तोही डासांमुळे. कुंडीखालच्या बशा आणि रिकाम्या बादल्या दर शनिवारी पालथ्या करते. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा ताप या बेटाला नवा नाही. बाकी पट्टीत कोणी कोठे उगवावे हे मी ठरवत नाही.

मागच्या महिन्यात पुतण्या आला होता. मुलगा गुणी आहे, हाताला कामही आहे. त्याने भेग पाहिली आणि म्हणाला, "काकी, अर्धी पिशवी सिमेंट लागेल, रविवारी बुजवून देतो." आईने त्याला आधी चहा दिला, मग शेजारी बसवून भेग का बुजवायची नाही ते सांगितले. तो हसला, पण जाताना तेथे पाय न ठेवता वळसा घालून गेला.

सध्या नळाजवळ एक वेल निघाला आहे. आई म्हणते भोपळा, मला पान दोडक्याचे वाटते. फूल येईपर्यंत आमचा वाद चालेल.