परिचर्येचा ताळेबंद

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी करुणामूर्ती म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. परंतु युद्धकाळातील त्यांची ती सेवा दोन वर्षांहूनही कमी काळाची होती. पुढील सुमारे चार दशके त्या ज्या कार्यात मग्न होत्या, त्याची ओळख मात्र फारशी नाही. माणसाने आपले आरोग्य आपल्या घरीच राखावे, यासाठीचे ते कार्य होते.

१८२० साली सधन इंग्रज कुटुंबात जन्मलेल्या नाइटिंगेल क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. सकस अन्न, धुतलेले कपडे, वेळेवर मलमपट्टी यांची घडी त्यांनी बसवली. तरीही मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात पोहोचले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालील तुंबलेली गटारे साफ करवली आणि खोल्यांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी या मृत्यूंचा हिशेब मांडला. जखमांपेक्षा अस्वच्छतेतून फैलावलेल्या रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक दगावले होते. ज्या रुग्णालयात जिवापाड शुश्रूषा केली, त्याच्या भिंतींआडच मृत्यूचे कारण दडले होते. हे कटू सत्य झाकून न ठेवता त्यांनी ते आकडे आणि आकृत्यांच्या आधारे सरकारपुढे ठेवले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

युद्धकाळात जडलेल्या आजाराने त्यांना पुढे वर्षानुवर्षे खोलीबाहेर पडणे कठीण झाले. तरीही लेखणी थांबली नाही. घरातील माणसांच्या प्रकृतीची काळजी वाहणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी त्यांनी शुश्रूषेवरील पुस्तक लिहिले. जनतेने वर्गणीतून उभारलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. मात्र येथील आरोग्याचा प्रश्न त्यांनी आपलाच मानला. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालानुसार भारतातील ब्रिटिश फौजेत दरवर्षी दर हजारी ६९ सैनिक मृत्युमुखी पडत. स्वच्छतेच्या उपायांनंतर हे प्रमाण १८ वर आल्याची नोंद नाइटिंगेल यांनी १८७३ मध्ये केली. लष्करी छावण्यांपुरते समाधान न मानता पुढे त्यांनी खेड्यांतील पाणी आणि सांडपाणी यांचा प्रश्न लावून धरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१८९२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांच्या प्रेरणेने इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात एक अभिनव प्रयोग झाला. स्त्रियांना प्रशिक्षण देऊन खेड्यांत घरोघरी पाठवण्यात आले. त्यांनी औषधे वाटायची नव्हती. स्वच्छ हवा, शुद्ध पाणी आणि अर्भकांचे संगोपन यांविषयी मातांशी त्यांच्याच घरात बोलायचे होते. रुग्णाची शुश्रूषा आणि निरोगी माणसाच्या आरोग्याचे जतन ही परिचर्येची दोन अंगे असून दुसरेही शिकवावे व शिकावे लागते, अशी त्यांची धारणा होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावातीलच एक स्त्री 'आशा' कार्यकर्ती म्हणून घरोघरी जाऊ लागली. गर्भवतीची तपासणी, बाळाचे लसीकरण, पाण्याची स्वच्छता यांविषयी ती ओसरीवर बसून समजावते. तिच्या जोडीला आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका असते.

बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाची नोंद रुग्णालयाच्या दफ्तरी होते. वेळीच मिळालेल्या सल्ल्यामुळे जो आजारी पडलाच नाही, त्याचे नाव कोणत्याच वहीत सापडत नाही. परिचारिकेच्या आयुष्यभराच्या कार्याचा ताळेबंद मांडताना जमेची ही न लिहिलेली रक्कमही धरावयास हवी.